मुंग्यांचं घर झाडू नका!

परवा दादाकडे गेले होते. भाच्याचा वाढदिवस. भेटवस्तूंच्या ढिगात एक पारदर्शक डबा होता. आत निळीशार जेली आणि त्या जेलीत बोगदे खणणाऱ्या वीसेक मुंग्या, खाली सोसायटीच्या बागेतून पकडून आणलेल्या. जेली हेच अन्न, जेली हेच पाणी, बाकी काही करायची गरज नाही, असं खोक्यावर छापलेलं. दादा एकदम खुशीत. "बघ, तुझ्यासारखं कापूस नि सिरिंज घेऊन बसायला नको. झीरो मेंटेनन्स!"

मी केक खाल्ला आणि गप्प बसले. वाढदिवसाच्या दिवशी भांडू नये एवढं मलाही कळतं. पण घरी आल्यापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून आता इथे भांडते. दादा, तू हे वाचणार आहेस हे माहीत असूनच.

(नव्याने आलेल्यांसाठी: हो, मी मुंग्या पाळते. हसून झालं असेल तर पुढे जाऊ.)

आधी त्या जेलीबद्दल. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानातून २००३ साली गेल्या, त्याच यानात शाळकरी मुलांच्या एका प्रयोगासाठी जेलीतल्या मुंग्याही होत्या. त्यामुळे या डब्यांना विज्ञानाचं वलय मिळालं. पण ती मोहीम होती सोळा दिवसांची! सोळा दिवसांच्या प्रवासाचा डबा आणि जन्मभराचं घर यात काही फरक आहे की नाही? आपण रेल्वेच्या बर्थवर झोपतो म्हणून कोणी तिथे संसार थाटत नाही.

शिवाय त्या डब्यात राणी नाही. राणी नाही म्हणजे अंडी नाहीत, अळ्या नाहीत, नवा जन्म नाही. म्हणजे ती वसाहत नाहीच. एकेक मुंगी मरत जाईल, ओल्या जेलीवर बुरशी धरेल, आणि माझा भाचा त्यातून शिकेल की मुंग्या आपोआप मरतात. खरं तर मुंग्या मेलेल्याला घरात ठेवत नाहीत. ई. ओ. विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली दाखवून दिलं की मृत मुंगीच्या अंगात तयार होणारं ओलेइक अ‍ॅसिड जिवंत मुंगीला फासलं, तरी बाकीच्या तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकतात. पाय झाडत असली तरी! स्वच्छतेच्या बाबतीत इतक्या काटेकोर जिवांना आपण असं घर देतो, जिथे कचरा टाकायला कोपराच नाही.

झालं, दादाला बोलून झालं. आता स्वतःबद्दल. कारण 'झीरो मेंटेनन्स'वाल्यांइतकीच दुसऱ्या टोकाची माणसंही मुंग्या मारतात, आणि त्यांत मी होते.

२०२१ च्या जूनमधली गोष्ट. पहिल्या पावसानंतर पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली मला मुंगळ्याची राणी सापडली. टेस्ट ट्यूबमध्ये पाणी, त्याला कापसाचा बोळा, पुढे राणी, मग दुसरा बोळा, आणि ट्यूब कपाटाच्या अंधारात. राणीला पहिल्या पिलावळीपर्यंत खायलाही लागत नाही, उडायच्या स्नायूंवर आणि अंगच्या चरबीवर ती पोरं वाढवते. दीड-दोन महिन्यांत पहिल्या कामकरी आल्या, चिमुकल्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाळीसेक झाल्या.

आणि मग मी 'काळजी' घ्यायला लागले.

दर रविवारी सगळ्यांना डब्यात झटकायचं, घर साबणाने घासायचं, पुसून परत भरायचं. कापसावर जरा काळा डाग दिसला की ट्यूब बदल. आईने तर कौतुकच केलं, "स्वतःचं कपाट कधी इतकं आवरलं नाहीस!" महिन्याभरात अंडी दिसेनाशी झाली. सारखं हलवलं की राणी घातलेली अंडी खाऊन टाकते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. भिंतींवरचा त्यांचा स्वतःचा वास मी दर आठवड्याला धुऊन टाकत होते, हेही नाही. गणपतीच्या आधल्या आठवड्यात राणी गेली. कामकरी दोन दिवस तिच्याभोवती उभ्या होत्या, तिला चाटत. तो रविवार मी विसरलेले नाही.

तर सांगायचा मुद्दा असा, की काहीच न करणं आणि सारखं करत राहणं या दोन्हींत आपण मुंग्यांकडे बघतच नसतो. एकात आपली सोय असते, दुसऱ्यात आपलं समाधान. निगा म्हणजे त्यांना जे स्वतः करता येत नाही तेवढंच आपण करायचं आणि उरलेल्या वेळी हात मागे बांधून बसायचं.

त्यांना काय करता येत नाही? बंद घरात पाणी आणता येत नाही. म्हणून घराचं एक टोक ओलं आणि दुसरं कोरडं हवं. फ्रेंच इंजिनियर शार्ल जाने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्लास्टरची घरटी केली ती याच तत्त्वावर. माझं आत्ताचं घरटं शेजारच्या बांधकामावरून आणलेल्या पांढऱ्या हलक्या एएसी ब्लॉकमध्ये कोरलंय. एका टोकाला सिरिंजने थोडं पाणी सोडते. किती ते मुंग्याच सांगतात. अळ्या ओल्या बाजूला, कोश जरा कोरड्यात, असं त्या स्वतःच मांडून ठेवतात. सगळी पिलावळ ओल्या भिंतीला चिकटली की समजायचं, घर वाळलंय.

कचरा त्यांना डब्याबाहेर टाकता येत नाही. तो त्या चरायच्या डब्याच्या एका कोपऱ्यात रचतात. तेवढा चिमट्याने उचलायचा. किड्याचा उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढायचा, नाहीतर बुरशी आणि माइट. पेस्ट कंट्रोल झालेल्या घरातलं झुरळ तर चुकूनही घालू नये, ते विषच. पण घरट्याच्या आत हात नाही!

आणि घर खरंच खराब झालं तर? झटकायचं नाही. नवं, ओलं घर जोडायचं, त्यावर अंधार करायचा आणि जुन्यावरचं झाकण काढायचं. त्या येऊन बघतात, परत जातात, दोन दिवस, कधी दोन आठवडे काथ्याकूट चालतो. मग एके रात्री पिलं तोंडात धरून आपल्या आपण स्थलांतर. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात रहिवाशांना एवढा वेळ मिळाला तरी पुरे. :-)

वहिनी म्हणाली, "पण मग पाळायच्याच कशाला?" प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर एवढंच की पावसात उडणाऱ्या राण्यांपैकी बहुतेक पहिल्या काही दिवसांतच मरतात, एक उचलल्याने जंगल ओस पडत नाही. पण उचलली की आपण बांधलो गेलो. सर जॉन लबक हे इंग्लंडमधले बँकर आणि खासदार, १८७१ चा बँक हॉलिडेचा कायदा त्यांचाच. इतक्या व्यापात त्यांनी दोन काचांमधल्या मातीत मुंग्या ठेवल्या आणि एक राणी जवळजवळ १५ वर्षं जगवली. काळ्या बागमुंगीची एक राणी तर युरोपात बंदिवासात २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. "मुंग्याच तर आहेत" म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरा मोठ्याने वाचावा.

असो. दादा, तो डबा उद्या बागेत ने आणि जिथून मुंग्या आणल्या तिथेच उघड. पोराला बरोबर घे, त्यालाच झाकण काढू दे. रडला तर त्याला सांग, जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आत्या टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये येणार आहे. राणी मिळालीच तर ट्यूब त्याच्या कपाटात राहील, आणि महिनाभर ती उघडायची नाही.

तेवढं त्याला जमलं, तर पुढचं सगळं जमेल. माझं घोडं तिथेच अडलं होतं.