विश्लेषण : एक भाऊ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, दुसरा पडद्याआड

जून २०२३ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र हॅरी लंडनच्या उच्च न्यायालयात साक्षीला उभे राहिले. ‘मिरर’ समूहाच्या वृत्तपत्रांनी बेकायदा मार्गांनी आपली खासगी माहिती मिळवली, असा त्यांचा दावा होता. राजघराण्यातील वरिष्ठ सदस्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाण्याची वेळ १३० वर्षांहून अधिक काळाने आली होती.

थोरले बंधू विल्यमही फोन हॅकिंगचे बळी. किंबहुना हे प्रकरण उजेडात आले ते २००५ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या गुडघ्याच्या दुखापतीच्या बातमीमुळे. मोजक्या लोकांनाच ठाऊक असलेली गोष्ट ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’पर्यंत पोहोचली कशी, या शंकेतून पोलीस तपास सुरू झाला आणि २००७ मध्ये त्या वृत्तपत्राचा राजघराणे प्रतिनिधी तुरुंगात गेला. पण विल्यम न्यायालयात कधी दिसले नाहीत. हॅरी यांच्या वकिलांनी दिलेल्या कागदपत्रांनुसार, विल्यम यांनी २०२० मध्ये त्या वृत्तपत्राच्या मालक कंपनीकडून मोठी रक्कम घेऊन गुपचूप तडजोड केली.

फरक स्वभावाचा की जागेचा?

थोरला गंभीर, धाकटा अवखळ ही वाटणी ब्रिटिश टॅब्लॉइडनी दोघांच्या लहानपणीच करून टाकली. ती अगदीच खोटी नाही, पण अपुरी आहे. दोघेही लष्करात गेले. हॅरी दोनदा अफगाणिस्तानात लढले. विल्यम यांना, गादीचे वारस म्हणून, लढाईवर पाठवले गेले नाही. ते बचाव हेलिकॉप्टर चालवत राहिले. इथे स्वभावाचा काय संबंध?

प्रसारमाध्यमांबाबतही तेच. राजघराण्याच्या कार्यक्रमांना ‘रॉयल रोटा’नुसार ठरावीक ब्रिटिश माध्यमांचे प्रतिनिधी जातात आणि मजकूर, छायाचित्रे इतरांना देतात. भावी राजाला लोकांसमोर राहायचे तर ही व्यवस्था सांभाळावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत ओव्हल मैदानावर सचिन तेंडुलकरसोबत क्रिकेट खेळणारे विल्यम जगभर दिसले, ते अशाच आखीव दौऱ्यात. कॅमेऱ्यासमोर हसायचे, घरातले काही बोलायचे नाही.

वारसा क्रमात आज पाचव्या स्थानावर असलेल्या हॅरी यांना ही व्यवस्था सांभाळून मिळणार तरी काय होते? जानेवारी २०२० मध्ये त्यांनी राजघराण्यातील जबाबदाऱ्यांबरोबर ‘रोटा’ही सोडला. मग ओप्रा विन्फ्रे यांची मुलाखत, नेटफ्लिक्सची मालिका आणि २०२३ मध्ये ‘स्पेअर’ हे आत्मचरित्र. पहिल्याच दिवशी त्याच्या १४ लाखांहून अधिक प्रती खपल्या. विल्यम यांनी आपल्याला जमिनीवर पाडले, असा आरोप त्यात आहे. राजवाड्याने त्यावर बोलणे टाळले. खासगीपणासाठी लढणाऱ्याने घरातले भांडण विकावे, ही टीका हॅरी यांना टाळता येणार नाही.

तरीही निकाल त्यांच्या बाजूने लागले. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तपासलेल्या ३३ पैकी १५ लेखांबाबत त्यांचा दावा मान्य करून १ लाख ४० हजार ६०० पौंड भरपाई दिली. जानेवारी २०२५ मध्ये ‘द सन’च्या प्रकाशक कंपनीने जाहीर माफी मागितली. डायना यांच्या खासगी आयुष्यातील घुसखोरीचाही त्या माफीत उल्लेख आहे. डायना विल्यम यांचीही आई. त्यांच्या तडजोडीत कंपनीने काय कबूल केले, हे मात्र आजवर जाहीर झालेले नाही.