नोकरी कुणाची, काम कुणाचे?

‘मुलगा भिलाईला प्लान्टमध्ये आहे’, एवढे सांगितले की एके काळी वधूपित्याचे निम्मे प्रश्न संपत. घर आहे का, दवाखान्याचे काय, मुले कुठे शिकतील, हे विचारण्याची गरजच उरत नसे. ते सारे ‘प्लान्ट’ या एका शब्दात आलेले असे.

रायपूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर, नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर भिलाई आहे. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. आसपासच्या खेड्यांच्या जमिनी गेल्या. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब आणि आपल्या विदर्भातूनही माणसे आली. सेक्टरवार क्वार्टर, शाळा, सेक्टर नऊचे मोठे इस्पितळ, मुलांसाठी मैत्रीबाग असे सगळे कारखान्यानेच उभे केले. देशातील रेल्वेगाड्या आजही प्रामुख्याने भिलाईच्या रुळांवरून धावतात.

पण हे सुख फुकटचे नव्हते. झोतभट्टी आणि कोक भट्ट्या मनात आले म्हणून विझवता येत नाहीत. दिवाळी असो की घरचे लग्न, तिन्ही पाळ्या चालूच राहतात. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, तेव्हा घरातली मुले दबक्या आवाजात खेळतात. धोकाही कायमचा सोबतीला असतो. जून २०१४ मधल्या वायुगळतीत सहा जण गेले, त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये वायुवाहिनीच्या स्फोटात दहाहून अधिक जणांचा बळी गेला.

तरीही या कारखान्यातली सर्वांत मोठी दरी वेगळीच आहे. जोनाथन पॅरी या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने अनेक वर्षे भिलाईत राहून कामगारांच्या जीवनाचा अभ्यास केला. २०२० मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इथली माणसे दोन शब्द अगदी जपून वापरतात, हे त्यांनी टिपले आहे. कायम कामगार करतो ती ‘नोकरी’ आणि ठेकेदाराचा मजूर करतो ते ‘काम’. अंगावर येणारी धग दोघांना सारखीच. पण एकाला क्वार्टर, औषधपाणी आणि ठरलेला पगार, तर दुसऱ्याला उद्या बोलावतील की नाही याची चिंता!

ही दरी बुजवण्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत शंकर गुहा नियोगी होते. तेही पूर्वी याच कारखान्यात कामाला होते. दल्ली-राजहराच्या लोहखाणींतील ठेका मजुरांची त्यांनी संघटना बांधली. त्या मजुरांच्या पैशांतून आणि श्रमांतून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभे राहिले. पुढे भिलाईच्या खासगी कारखान्यांतील मजुरांचा लढा चालू असतानाच, २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची हत्या झाली.

त्यानंतर कायम नोकऱ्या वाढल्या नाहीत, उलट घटल्या. १९८० च्या दशकाशी तुलना केली तर आज भिलाईतले कायम कामगार निम्म्याहूनही कमी आहेत. बापाला जी नोकरी मिळाली ती मुलाला मिळेलच, असे आता कोणी सांगू शकत नाही. त्याच फाटकातून मुलगा आत जाईलही, पण कदाचित ठेकेदाराचा पास घेऊन.

म्हणूनच कंपनीचे मोठे नाव ऐकून हुरळून जाण्यापूर्वी घरच्यांनी काही गोष्टी जरूर विचाराव्यात. नाव कुणाच्या हजेरीपटावर आहे? नियुक्तिपत्र मिळाले का? भविष्य निर्वाह निधी कापला जातो, तो खात्यात जमा होतो का? हेल्मेट आणि सुरक्षेचे बूट कोण देते? ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते, हेही ठाऊक असू द्यावे.

भिलाईने देशाला पोलाद दिले आणि हजारो कुटुंबांना निश्चिंत झोप दिली. ती झोप ठेकेदाराच्या मजुरालाही मिळावी, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.