लाल गाडी आणि अठ्ठेचाळीस हप्ते

दोस्तांनो, हा अंक उशिरा निघतोय. कारण लपवत नाही. छापखान्याचे पैसे द्यायचे सोडून तुमचा संपादक एका मोटारीच्या नादी लागला होता.

मी गोदीत कंत्राटावर. परदेशी जाणाऱ्या गाड्या जहाजाच्या पोटात चढतात, त्या पट्ट्यांनी जखडायच्या, हे आमच्या टोळीचं काम. हजारो गाड्या या हातांनी बांधल्या. एकीतही बसलो नाही. आणि मग शिवडीच्या एका गॅरेजात सॅन स्टॉर्म दिसली. लाल. दोन माणसांची, टप उघडणारी, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. स्पोर्ट्स कार, आणि बनलेली कुठं, तर आपल्या शेजारी गोव्यात! आता ती बनत नाही. मालक म्हणाला, चार लाख.

बँकेनं हात वर केले. गाडी जुनी, माझी नोकरी कच्ची. फायनान्सवाला मात्र घरी चालत आला. चहा प्यायला, बारा टक्के म्हणाला. फ्लॅट.

ह्या फ्लॅटची गंमत नीट ऐका. चार लाखांवर वर्षाचे ४८ हजार, चार वर्षांचं व्याज १ लाख ९२ हजार. महिन्याला हप्ता १२,३३३. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण चार लाखांवरच. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर पावणेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. खरोखरचे बारा असते तर हप्ता साडेदहा हजार बसला असता. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं सावकार कंपनीला वर्षाचा खरा दर एका कागदावर लिहून द्यावा लागतो. मी तो कागद मागितला. भाऊसाहेबांचा चहा थंड झाला.

मंडळातले मित्र तोवर तुटून पडले होते. चंगळवादी झालास, वर्गशत्रूची खेळणी मागतोस! का रे बाबांनो? वेगाची हौस फक्त मलबार हिलच्या पोरांनीच करायची? मार्च २०१८ मध्ये गुजरातेत भावनगर जिल्ह्यात आपल्या एका २१ वर्षांच्या पोराला ठार मारलं. घोडा ठेवतो, त्यावर बसतो म्हणून मारलं, अशी बापाची फिर्याद होती. आपल्या बुडाखाली काय असावं हे अजून गावच ठरवतंय. तेव्हा साधेपणाचं कीर्तन मला सांगू नका. मला ती गाडी हवी होती, आजही हवीय.

एक जण म्हणाला, कर्ज तर बाबासाहेबांनीही काढलं. खरंय. १९२० साली पुन्हा लंडनला जाताना त्यांनी नवल भथेना या दोस्ताकडून पाच हजार उसने घेतले. पण ते परतले रुपयावरचा ग्रंथ लिहून, आणि पुढं त्यावरच डी.एस्सी. झाले. मी परतणार क्लच प्लेट शोधत चोरबाजारातून. बरोबरी कशाची करतोस लेका?

गाडी अडली ती वेगळ्याच जागी. माझा बाप डॉक लेबर बोर्डाचा नोंदलेला कामगार. १९४८ च्या कायद्यानं त्याच्यासारख्याला नाव होतं, नंबर होता. जहाज नसलं तरी हजेरीचे काही पैसे मिळायचे. १९९४ साली बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, कंटेनर न्हावा-शेव्याला गेले. मला नंबर नाही. जहाज लागलं तर पाळी, नाहीतर मुकादमाच्या फोनची वाट. गेल्या पावसाळ्यात एका महिन्यात अकरा पाळ्या भरल्या. हप्ता मात्र पाऊस बघत नाही.

आणि जामीन कोण राहणार? टोळीतला म्हातारा मामा अंगठा पुढं करून तयार. म्हणाला, घे रे, आपल्यातला एक तरी टप उघडून जाऊ दे. माझ्या आज्यानं असाच अंगठा गावच्या सावकाराकडं टेकवला होता, बैलासाठी. बैल मेला, अंगठा वहीत राहिला. मामाची मुलगी यंदा बारावीला आहे.

रविवारी शिवडीला नाही सांगायला गेलो. मालक भला माणूस. म्हणाला, बसून तर बघ. बसलो. सीट फाटकी, आरशात माझंच तोंड. चावी फिरवली नाही. तिथनंच छापखान्यावर गेलो. अर्धे पैसे दिलेत, उरलेले पुढच्या जहाजावर.