'इस्कूल' म्हणणाऱ्या पोरांची बाजू

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी, धाबा, भंगाराम तळोधी या पट्ट्यातलं पोर 'इस्कूल', 'गिलास', 'टरक' म्हणालं की ऐकणारा निकाल देऊन मोकळा होतो. जीभ जड आहे, घरी झाडी बोली नाहीतर गोंडी बोलतात, म्हणून इंग्रजी बसत नाही. उपायही ठरलेला असतो: घरची बोली तोडा आणि शब्द घोकवून घ्या. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे हा निकाल सहा वर्षांच्या मुलाला ऐकावा लागतो आणि पुढे तो वर्गात तोंड उघडेनासा होतो. हा पूर्वपक्ष मुळापासून चुकीचा आहे.

जीभ जड असती तर चुका कशाही झाल्या असत्या. त्या तशा होत नाहीत. 'ग्लास'मध्ये स्वर दोन व्यंजनांच्या मधे शिरतो, 'स्कूल'मध्ये तो आधी येऊन बसतो. 'गिलास' म्हणणारं पोर 'इग्लास' म्हणत नाही, आणि 'इस्कूल' म्हणणारं 'सिकूल' म्हणत नाही. ग नंतर ल येताना आवाज मोकळा होत जातो, तिथे बारीकसा स्वर मावतो. स आणि क मात्र एकमेकांना इतके चिकटून असतात की मधली फट कानाला सापडत नाही. पंजाबी माणूस तिथेही फट काढतो आणि 'सकूल' म्हणतो, कारण त्याच्या भाषेची घडण निराळी. ज्या चुकीला असा नियम आहे, तिला अडाणीपणा म्हणता येत नाही.

हीच गोष्ट अरबी बोलणाऱ्यांची. प्रमाण अरबीत शब्दाच्या आरंभी दोन व्यंजनं जोडून येत नाहीत. १९८३ साली एलेन ब्रोसेलो या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी इंग्रजी शिकणाऱ्या अरबांच्या उच्चारांवर लिहिलं. 'फ्लोर'चं इजिप्तचा माणूस 'फिलोर' करतो, इराकचा 'इफ्लोर'. 'स्टडी'च्या आधी मात्र दोघेही 'इ' लावतात. कैरोचा विद्यार्थी आणि गोंडपिपरीचं पोर एकमेकांना न पाहता एकाच वाटेने गेले आहेत. ग्रीकांच्या प्लेटोचं अरबांनी असंच 'अफलातून' केलं, आणि ते नाव आपण कौतुकाचा शब्द म्हणून मिरवतो. लॅटिन 'स्कोला'चं स्पॅनिशमध्ये 'एस्कुएला' झालं. त्यावर कुणी हसत नाही. आपल्याच घरात संस्कृत 'स्त्री'चं प्राकृतात 'इत्थी' झालं होतं. खुद्द इंग्रजांना 'सायकॉलॉजी'तला मूळ 'प' पेलत नाही म्हणून ते तो गाळतात, आणि ती चूक न राहता शुद्ध उच्चार ठरते. सत्ता कुणाच्या हाती आहे यावर चूक कुणाची हे ठरत असेल, तर शिक्षकाने त्या निवाड्याला निमूट मान का द्यावी?

बोली तोडायचा सल्ला तर घातकच आहे. गोंडीत पाण्याला येर, घराला रोन, गावाला नार. शब्दाच्या सुरुवातीला एक व्यंजन आणि लगेच स्वर, अशी त्या भाषेची ठेवण. झाडी बोलीतही प्रसादाचा परसाद होतो. मूल या ठेवणीवरच कान घडवून शाळेत येतं; तीच तोडली तर शिकवायला पाया उरत नाही. आणि नुसत्या घोकंपट्टीनेही भागत नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिलं की जोडव्यंजनं ऐकताना जपानी माणसाला मधे नसलेला स्वर खरोखर ऐकू येतो. ज्याला कानानेच 'इस्कूल' ऐकू येतं, त्याच्याकडून 'स्कूल' कितीही वेळा म्हणवून घेतलं तरी तो ऐकलं तेच म्हणणार.

दुसऱ्या टोकालाही एक मत आहे: मुलं म्हणतात ते चालू द्या, उच्चारात काय आहे? या मतात माया आहे, पण तेही मला मान्य नाही. इंग्रजीत 'स्टेट' म्हणजे राज्य आणि 'इस्टेट' म्हणजे मालमत्ता. 'ब्लो'चं 'बिलो' झालं की फुंकरीचं खाली होतं. नोकरीच्या मुलाखतीत समोरचा माणूस झाडी बोलीची बाजू समजून घ्यायला बसलेला नसतो. मुलाला दोन्ही उच्चार यायला हवेत, आणि कुठला कुठे वापरायचा हे त्याचं त्याने ठरवायला हवं.

मग शिकवायचं कसं? मुलाच्या तोंडात जे आधीच आहे त्यावरून. 'रस्ता', 'पुस्तक', 'मस्का' हे शब्द प्रत्येक पोर बिनचूक म्हणतं; म्हणजे स्त आणि स्क त्याला येतात, फक्त शब्दाच्या तोंडाशी ते त्याला परके वाटतात. 'मस्का' म्हणायला लावा, मग म मनात ठेवून उरलेलं म्हणायला लावा, स जरा लांबवून. त्या लांबलेल्या सला कूल जोडा. 'जंगलात' हा शब्द तर इथल्या पोरांच्या रोजच्या तोंडचा. बोलताना त्यात ग आणि ल जोडूनच येतात. त्यातला 'जं' गाळा, 'ग्लास'ची सुरुवात हाती येते. 'छत्री'तून 'त्री', तिथून जीभ किंचित मागे नेली की 'ट्री'. नंतर 'स्टेट-इस्टेट', 'ब्लो-बिलो' अशा जोड्या मुलांना डोळे मिटायला लावून ऐकवा आणि कुठला शब्द झाला ते बोटाने दाखवायला सांगा, कारण आधी कान उघडायला हवा. याला ना भाषाप्रयोगशाळा लागते, ना महागडं पुस्तक. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शिक्षक-प्रशिक्षणात झाडी बोली आणि गोंडीच्या ध्वनींचा एक तास ठेवला, तर पहिलीच्या शिक्षकाला पोराच्या 'इस्कूल'मध्ये दोष दिसायच्या आधी पुढचा धडा कुठून सुरू करायचा ते दिसेल.