चाळणी नको, शाळा हवी



मृगाच्या तोंडावर कोरडवाहू कास्तकाराच्या घरात दोन खर्च एकदमच येऊन उभे राहतात. एक बी-खताचा, दुसरा पोरांच्या प्रवेशाचा. दोन्हींसाठी खिसा एकच, आणि तो बहुतेक वेळा रिकामा. पेरणीच्या कर्जावर आपण सभा घेतो, बँकेच्या दारात बसतो. प्रवेशासाठी काढलेल्या कर्जावर मात्र कोणी तोंड उघडत नाही. पोराच्या शिक्षणात घातलेला पैसा खर्च नव्हे, ती गुंतवणूक आहे असे आपल्याला सांगितले जाते. गुंतवणूक असेल तर तिचाही हिशेब मांडला पाहिजे.

पाच एकर कोरडवाहू कापूस घ्या. पाऊस बरा झाला आणि एकरी चार क्विंटल पिकले तर वीस क्विंटल होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. तो पूर्ण हातात पडला असे धरले तरी सगळे मिळून होतात १,६२,२०० रुपये. यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, डवरणी आणि किलोच्या दराने द्यावी लागणारी वेचणी वजा करा. उरेल त्यात वर्षाचे घर चालवा. आता या आकड्याशेजारी पोराच्या अकरावी-बारावीच्या दोन वर्षांचा शिकवणीचा, खोलीचा आणि खानावळीचा खर्च लिहा. ज्यांनी तो भरला आहे त्यांना आकडा आम्ही सांगायला नको.

प्रश्न असा आहे की शाळा आहे, कॉलेज आहे, शिक्षकाला पगार आहे, मग हा दुसरा खर्च कशासाठी?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. बारावीचे गुण आता पात्रतेपुरते उरले. डॉक्टरकीचे दार नीटच्या परीक्षेने उघडते आणि इंजिनिअरिंगचे सीईटीने. या परीक्षांची तयारी बहुतेक कॉलेजांत होत नाही. म्हणून पोराचे नाव तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात आणि पोरगा लातूरला, नांदेडला किंवा थेट कोट्याला. हजेरी एकीकडे लागते, शिकणे दुसरीकडे होते आणि पैसा दोन्हीकडे जातो. २०२४ च्या जानेवारीत केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणीत घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. काढली ते बरेच झाले. पण शाळेत जे मिळत नाही ते विकत घेणाऱ्याला अटकाव केल्याने ते शाळेत मिळू लागेल, असे कोणी समजू नये. विहिरीला पाणी लागत नाही तोवर टँकर बंद करून काय उपयोग?

ही झाली वरच्या टोकाची गोष्ट. खालचे टोक याहून वाईट आहे.

'असर'ने २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. ८६.८ टक्के मुलांची नावे शाळा-कॉलेजाच्या पटावर होती. म्हणजे आपण मुलांना शाळेत पाठवत नाही हा आरोप खोटा. पण त्याच पाहणीत सुमारे चौथा हिस्सा मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर स्वतःच्या भाषेत सलग वाचता आला नाही. तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागण्याचे गणित फक्त ४३.३ टक्के मुलांनी बरोबर सोडवले.

भागाकार न येणे म्हणजे काय, ते शेतीच्या भाषेत सांगतो. कापूस चार फूट बाय दीड फुटावर लावला तर एका झाडाला सहा चौरस फूट जागा लागते. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. सहाने भागा, ७,२६० झाडे आली. बियाण्याचे पाकीट किती लागेल, नांगे किती भरावे लागतील, एकरी दहा झाडांची बोंडे मोजून उत्पन्नाचा अंदाज कसा बांधावा, हे सगळे या एका भागाकारावर उभे आहे. बँकेचे व्याज, काट्यावरची कडती आणि औषधाच्या डब्यावरचे प्रमाणही त्यावरच. हे ज्याला आले नाही तो कॉलेजातही लुबाडला जाईल आणि बाजारातही. शेती कर म्हटले तर त्याला शेतीही नीट करता यायची नाही.

या रोगावर सरकारने शोधलेले औषध म्हणजे परीक्षा. २०२३ मध्ये आपल्या राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. त्यात नापास झालेल्याला पुरवणी परीक्षा, तिथेही नापास झाला तर त्याच वर्गात. परीक्षेला आमचा विरोध नाही. उगवणशक्ती तपासल्याशिवाय बी पेरू नये हे आम्हीच सांगत आलो. पण शंभर दाण्यांतले चाळीस उगवले नाहीत तर शेतकरी बियाण्याचा जाब दुकानदाराला विचारतो, दाण्याला नापास करून घरी पाठवत नाही. शाळेत मात्र शिकवणारी व्यवस्था सुटते आणि दहा वर्षांचे पोर अडकते. चाळणी बारीक केली म्हणून धान्य भरदार होत नाही.

मग दुसरे औषध सांगितले जाते, कौशल्याचे. सर्वांनी कॉलेजात कशाला जायचे, हाताला काम शिकवा, असे बोलले जाते. बोलणारा बहुधा शहरातला असतो, आणि त्याचा स्वतःचा मुलगा कॉलेजातच असतो. तरी मुद्दा म्हणून तो तपासू. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये म्हटले की १९८६ पर्यंत दहावीनंतरची निम्मी मुले व्यवसाय-शिक्षणात असावीत. १९८६ उजाडले आणि नवे धोरण आले. त्याने लक्ष्य खाली आणले: उच्च माध्यमिकच्या १० टक्के मुलांना १९९० पर्यंत आणि २५ टक्क्यांना १९९५ पर्यंत. मग २०२० चे धोरण आले. त्याने पुन्हा निम्म्यावर उडी घेतली: २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय-शिक्षणाची ओळख व्हावी. तेही वर्ष गेले. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत व्यवसाय-प्रशिक्षण घेणारी मुले निघाली ५.६ टक्के. साठ वर्षे आकडे बदलत राहिले. गावच्या शाळेत कार्यशाळा आली का, हत्यारे आली का, शिकवणारा आला का, हे तुम्हीच जाऊन पाहा.

हे असे का झाले? आळस आणि पैशाची चणचण ही दोन कारणे आहेतच, पण खरे कारण तिसरे आहे, आणि ते आपल्याच भागात एकदा दिसून आले आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे उद्योगातून शिक्षणाची, मातृभाषेतल्या सात वर्षांच्या शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम केला. कल्पना थोर होती. पण शेजारच्या शाळेतून मॅट्रिक झालेला पोरगा कचेरीत लागतो, आणि टकळीच्या शाळेतल्या पोराला कॉलेजचे दार बंद, असे दिसल्यावर कोणता बाप पोराला टकळीच्या शाळेत ठेवील? तो बाप अडाणी नव्हता. त्याने हिशेब बरोबर केला होता. हाताचे शिक्षण गरिबांना आणि डोक्याचे शिक्षण साहेबांच्या मुलांना अशी वाटणी जिथे होते, तिथे शेतकरी आपले पोर पाठवत नाही, आणि पाठवूही नये.

महात्मा फुल्यांनी हे १८८२ मध्येच ओळखले होते. हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी पहिला हिशेब पैशाचा मागितला: सारा कुणब्याच्या घामातून येतो, तर तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का उधळला जातो? मग प्राथमिक शाळेत काय शिकवावे ते सांगितले. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, आणि त्यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे. शेती घातली म्हणून व्याकरण काढले नाही, आणि इतिहास ठेवला म्हणून शेती वगळली नाही. आमच्या मते शालेय शिक्षणाच्या सुधारणेचे सूत्र इथेच आहे. एक शाळा, दोन दारे, आणि दोन्ही दारे उघडी.

हे होऊ शकते का? पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या प्रयोगातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. आठवड्यातला एक दिवस मुले हाताने काम करतात. लोखंडाची जोडणी, विजेची जोडणी, माती परीक्षण, पशुपालन, रक्तातले हिमोग्लोबिन तपासणे. गावाला लागणाऱ्या सेवा शाळेतून मिळतात आणि मुले त्यातून शिकतात. राज्याच्या परीक्षा मंडळाने हा विषय दहावीला मान्य केला. उरलेले दिवस गणित, विज्ञान, भाषा चालूच राहतात, म्हणून अकरावीचे दार बंद होत नाही. आणि ज्याने स्वतः तार जोडली त्याला विजेचा धडा घोकावा लागत नाही.

आपल्या शिवारात तर प्रयोगशाळा उघडीच पडली आहे. शाळेत एक पर्जन्यमापक ठेवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. हे गणित सातवीच्या मुलाने फळ्यावर मांडले की आकारमान, क्षेत्रफळ आणि दुष्काळ, तिन्ही धडे एकदमच होतात. ज्वारीच्या कणसाची परागसिंचनाची वेळ मोजा, बोंडअळीचे पतंग सापळ्यात मोजा. हाच मुलगा उद्या कृषी महाविद्यालयात गेला तर तिथल्या पुस्तकाला घाबरणार नाही, आणि गावातच राहिला तर औषधविक्रेत्याच्या सल्ल्यावर फवारणार नाही.

मुलींबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. वेचणीच्या दिवसांत कोणत्या बाकावर मुली नसतात ते प्रत्येक गुरुजीला माहीत आहे. 'असर'च्या त्याच पाहणीत अकरावीच्या पुढे विज्ञान-गणिताकडे मुलगे ३६.३ टक्के होते, मुली २८.१ टक्के. वेचणीला मजूर परवडत नाही म्हणून पोरीला वावरात न्यावे लागते, हे दुःख आम्ही जाणतो. पण कापसाच्या भावातला तोटा पोरीच्या शाळेतून भरून काढायचा नाही, एवढे तरी आपल्या हातात आहे. भावाचे भांडण सरकारशी आहे, ते तिच्या पुस्तकावर काढू नका.

आता आपल्या मागण्या, मोजक्या आणि मोजता येतील अशा.

एक. पाचवी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला सलग वाचता आणि भागाकार करता आला पाहिजे. मागे पडलेल्यासाठी शाळेतच रोजचा जादा तास हवा. नापास करणे हा त्यावर उपाय नाही.

दोन. आठवी ते दहावी आठवड्यातला एक दिवस खऱ्या कामाचा. त्यासाठी हत्यारे, कच्चा माल आणि गावातल्या सुतार-लोहार-मोटार मिस्त्रीला मानधन. ही सोय शहरातल्या शाळांतही असावी. आमच्या पोरांसाठी वेगळी पंगत नको.

तीन. तालुक्याच्या अनुदानित ज्युनिअर कॉलेजात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणिताचे शिक्षक प्रत्यक्ष हजर, प्रयोगशाळा चालू, आणि नीट-सीईटीची तयारी तिथेच, त्याच वेळापत्रकात.

चार. आयटीआय किंवा पदविका घेतलेल्याला पुढे पदवीपर्यंत जाण्याची शिडी पायरी न गाळता. कामाला लागलेल्या पोराला पाच वर्षांनी कॉलेजात यावेसे वाटले तर येता आले पाहिजे.

पाच. दहावीच्या वर्षात प्रत्येक शाळेत पालकांसह मार्गदर्शन: कोणत्या वाटेला खर्च किती, काळ किती, वसतिगृह कुठे, शिष्यवृत्ती कोणती. आज ही माहिती शिकवणीवाल्याच्या जाहिरातीतून मिळते.

मागण्या सरकारकडे आहेत, पण सुरुवात सरकारची वाट पाहून होणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या महिला असल्या पाहिजेत. सरकारी शाळेत विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीचा आहे; अनुदानित शाळेत तिची भूमिका सल्ल्यापुरती आहे. ही समिती कागदावर सह्या करण्यासाठी नाही. बाजार समितीत आपला माणूस असावा म्हणून आपण जेवढे झटतो, त्याच्या निम्मे या समितीसाठी झटलो तरी गावची शाळा हलेल.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावातल्या पाचवीच्या मुलांपैकी किती जण दुसरीचा धडा सलग वाचतात, किती जण तीन आकडी भागाकार करतात, आणि तालुक्याच्या कॉलेजात विज्ञानाचे किती तास गेल्या महिन्यात प्रत्यक्ष झाले. गुरुजींशी भांडू नका, त्यांना सोबत घ्या. त्यांच्या डोक्यावरही माहिती भरण्याचे आणि निवडणुकीच्या कामाचे ओझे आहे. पण आकडा खरा आणा. गावोगावचे कागद एकत्र जोडून जिल्हा परिषदेपुढे ठेवू, आणि त्याखाली तारीख मागू.

पोराने शेती करावी की कॉलेजात जावे, मोटार दुरुस्त करावी की दवाखाना चालवावा, हे त्याने ठरवायचे. दहावीपर्यंत आलेल्या शेतकऱ्याच्या पोरासमोर निवडायला खरोखर दोन वाटा असाव्यात, एवढीच आपली मागणी आहे. त्यासाठी या जूनपासून बियाण्याच्या पावतीशेजारी शाळेचाही हिशेब लिहायला लागा.