अब्रू कोणाची, शाकारणी कोणाची?

किनाऱ्यावरच्या जुन्या घरातील दोन खोल्या एखादी वयस्क विधवा पर्यटकांना भाड्याने देऊ लागली की तिच्या आप्तांना घराण्याची अब्रू आठवते. पेडणे-बारदेशच्या किनारपट्टीत हे आम्ही वारंवार ऐकतो. 'घराची खानावळ केली', 'माजघरापर्यंत परके लोक येतात', 'एवढी काय नड होती?' असे म्हणणारे बहुधा मुंबईत, बडोद्यात वा परदेशी स्थायिक झालेले असतात आणि चतुर्थीपुरते घरी येतात. त्यांचा हा आक्षेप आम्हांस मुळीच मान्य नाही.

समुद्राकाठचे घर अभिमानावर उभे राहत नाही. खारा वारा खिळे-बिजागऱ्या खातो, वाळवी वासे पोखरते, मृगापूर्वी शाकारणी करून घ्यावीच लागते. माडांच्या भाटाचे उत्पन्न पाडेलीच्या मजुरीलाही पुरेनासे झाले आहे. हा सारा खर्च ती बाई पर्यटनाच्या हंगामातील भाड्यातून भागवते. पाहुण्यांच्या चादरी धुणे, न्याहारी करणे, अंगण झाडणे हे तिचे नित्याचे काम आहे. तुळशीवृंदावनापुढे आजही दिवा लागतो तो त्या कष्टांमुळे.

परक्याला घरी उतरवून घेणे आपल्याकडे कधी कमीपणाचे होते? त्र्यंबकेश्वरी, पंढरपुरी, गोकर्णी क्षेत्रोपाध्यायांनी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना घरी उतरविले, जेवू घातले आणि दक्षिणा घेतली. मंगेशीच्या अग्रशाळेत उतरणारा कुळावीही खोलीचे पैसे देतोच. महाराष्ट्रातील पर्यटन महामंडळाने तर 'निवास व न्याहारी' अशा घरगुती नावाचीच योजना काढली. हरिहरेश्वर, दिवेआगर येथे घरोघरी पाहुणे उतरतात. तेच काम उपाध्यायाने केले तर आतिथ्य आणि विधवेने केले तर नामुष्की, हा न्याय कुठला?

अब्रूच्या या बोलण्याआड पुष्कळदा विक्रीचा बेत असतो. किनाऱ्यावरच्या जमिनीचे भाव चढले आहेत. बाईने सही करावी आणि घर मोकळे करावे, एवढीच अपेक्षा असते. तेव्हा एक गोष्ट ध्यानी ठेवावी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या गोव्यातील कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. पती निवर्तल्यावर त्यातील निम्मा भाग पत्नीचा उरतो. तो वारशाने मिळालेला नव्हे, मूळचाच तिचा आहे. ती कोणाच्या उपकारावर त्या घरात राहत नाही.

तिच्यावरही जबाबदारी आहेच. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली खोल्यांची नोंद व्हावी, विदेशी पाहुण्यांची माहिती वेळेत कळविली जावी. विहिरीचा उपसा वा रात्रीचा गोंगाट यांविषयी शेजाऱ्यांचे म्हणणे रास्त असेल तर ते तिने ऐकावे. शेजाऱ्यांना तो अधिकार आहे, कारण ते तेथे राहतात.

दूरस्थ आप्तांना आम्ही एवढेच सुचवतो : घराण्याची अब्रू खरोखर प्रिय असेल तर यंदाच्या शाकारणीतला आपला वाटा मृगापूर्वी पाठवावा. तो पाठवावयाचा नसेल, तर चतुर्थीला यावे, गणपतीपुढे हात जोडावेत, तिने राखलेल्या छपराखाली सुखाने झोपावे आणि गप्प राहावे.