पंप का थांबत नाही?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत सुट्टीसाठी मोटारहोम किंवा लहान केबिनची बोट घेण्याची हौस आता नवी राहिलेली नाही. देशातून मुलांकडे गेलेले आईवडीलही त्या सफरीत सामील होतात. निसर्गशोभेचे वर्णन पत्रांतून येते. फिरत्या घरातील शौचकूप मध्यरात्री बंद पडला म्हणजे काय ओढवते, ते मात्र सहसा कोणी लिहीत नाही. ज्येष्ठांना तर तीच खरी अडचण असते.

अशा अनेक वाहनांत निर्वात पद्धतीचे, म्हणजे व्हॅक्युम टॉयलेट असते. डोमेटिक कंपनीचे व्हॅक्युफ्लश हे त्यांतील परिचित नाव. त्याची रचना समजली की निम्मी चिंता मिटते. पंप एका लहान टाकीतील हवा ओढून सुमारे १० इंच पारा इतका निर्वात दाब तयार ठेवतो. पायाचे पेडल दाबताच भांड्याच्या तळाचा गोल झडप-चेंडू फिरतो आणि मैला वेगाने खेचला जातो. पाणी लागते अर्धा ते एक लिटर. त्यानंतर पंप मैला साठवण टाकीत ढकलतो, दाब पूर्ववत करतो आणि आपोआप थांबतो.

हे थांबणे महत्त्वाचे आहे. कोणी शौचकूप वापरलेला नसताना पंप तीन तासांत एकाहून अधिक वेळा सुरू होत असेल, तर कोठेतरी हवा आत शिरत आहे. पंप चालतो आहे म्हणून पंपच बिघडला, असा तर्क करून नवा पंप बसवून घेणारे पुष्कळ असतात. दुकानदारही त्यांना सहसा अडवीत नाही. वस्तुतः खात्यात तूट दिसली म्हणून कोणी तिजोरी बदलत नाही; आधी नोंदी तपासतात.

पहिली तपासणी फुकट आहे. भांड्यात थोडे पाणी ठेवावे व काही वेळाने पाहावे. पाणी उतरले असेल तर चेंडूभोवतीच्या रबरी सीलमध्ये दोष आहे. पुष्कळदा सील झिजलेले नसते. त्याच्या कडेखाली कागदाचा कण किंवा क्षार अडकलेला असतो. पंपाचा वीजपुरवठा बंद करून ती कड साफ केल्यास काम भागते. पाणी जागेवर राहिले आणि पंप तरीही वारंवार चालू लागला, तर शोध पुढे न्यावा. भांड्याकडून येणारी नळी टाकीपासून सोडवून टाकीचे तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करावे. आता पंप शांत राहिला तर दोष नळीत, तिच्या क्लॅम्पमध्ये किंवा भांड्यात. चालतच राहिला तर टाकीत किंवा पंपात. पंपात बदकाच्या चोचीसारखे चार रबरी एकदिशा व्हॉल्व्ह असतात. त्यांत कचरा अडकतो किंवा त्यांचे ओठ सैल पडतात. एक बदलावयाचा झाला तर चारही एकदम बदलणे शहाणपणाचे, कारण चौघांचे वय सारखेच असते. हे काम हातमोजे घालून, पाइपलाइन स्वच्छ पाण्याने धुतल्यावरच करावे.

पंप मुळीच सुरू होत नसेल, तर फ्यूज आणि बॅटरी पाहण्याआधी साठवण टाकी भरली आहे काय ते पाहावे. काही यंत्रणांत टाकी भरताच पंपाचा वीजपुरवठा आपोआप तुटतो. आपल्या कुटुंबांचा प्रश्न नेमका येथेच येतो. पाण्याने स्वच्छता करण्याची सवय सुटत नाही, सुटूही नये. परंतु हिशेब ठेवावा लागतो. १०० लिटरच्या टाकीत दर वेळी १ लिटर गेले तर शंभर वापर होतात. त्यावर लोटाभर म्हणजे आणखी १ लिटर पडले की पन्नासच. सहा माणसांच्या कुटुंबाने टाकी रिकामी करण्याचे ठिकाण त्याच बेताने ठरवावे. बोटीवरून किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडणे अमेरिकन कायद्याने निषिद्ध आहे, हेही ध्यानात असावे.

कागद वापरणाऱ्यांनी पाण्यात लगेच विरघळणाराच घ्यावा. बरणीत पाणी घालून हलवल्यावर त्याचा लगदा झाला पाहिजे. ओले पुसणे, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो, भांड्यात टाकू नये. ब्लीच व तेलकट द्रव्ये रबराला मारक असतात. क्षारांसाठी व्हिनेगर पुरते. दुर्गंधी कोठून येते हे कळत नसेल, तर गरम पाण्यात पिळलेले फडके नळीवर घासून, गार झाल्यावर हुंगावे. फडक्याला वास आला तर नळीच जुनी झाली आहे आणि ती बदलण्यावाचून उपाय नाही.

हिवाळ्यात वाहन उभे करावयाचे असेल तर टाकी रिकामी करून यंत्रणेत पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी चालणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल फिरवावे. मोटारीच्या रेडिएटरमधील हिरवे द्रव विषारी असते. ते येथे कदापि वापरू नये.